सांध्याविना वीज: फेरोइलेक्ट्रिक स्फटिकांवर प्रकाश पडतो तेव्हा

सिलिकॉनचा सौरघट तळहाताएवढा घ्या किंवा नखाएवढा, भर उन्हात त्याचं व्होल्टेज साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच भरतं. आकार वाढवला की विद्युतप्रवाह वाढतो, व्होल्टेज जागचं हलत नाही. म्हणूनच पॅनेलमध्ये अनेक घट एकापुढे एक जोडावे लागतात. आता लिथियम नायोबेट घ्या. किंचित लोह मिसळलेला, एकच सलग स्फटिक. आत कुठे जोड नाही की वेगवेगळे थर नाहीत. यावर प्रकाश टाकला तर दोन टोकांमध्ये दर सेंटिमीटरला हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या ग्लास, फॉन डर लिंड आणि नेग्रान या तिघांनी १९७४ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. त्याआधी १९५६ मध्ये चायनोवेथ यांना बेरियम टायटनेटमध्ये प्रकाशाने निर्माण होणारा प्रवाह दिसला होता.

हे हजारो व्होल्ट येतात कुठून, आणि इतके व्होल्ट मिळत असूनही या स्फटिकांची पॅनेलं का झाली नाहीत, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच यंत्रणेत आहे. ती यंत्रणा नीट कळली की या विषयावरच्या निम्म्या बातम्यांचा खरेखोटेपणा आपला आपल्याला जोखता येतो.

आधी नेहमीच्या सौरघटाबद्दल थोडंसं. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनना राहायला ऊर्जेचे पट्टे असतात. खालचा पट्टा भरलेला, वरचा जवळजवळ रिकामा, आणि मधल्या मोकळ्या अंतराला बँडगॅप म्हणतात. सिलिकॉनमध्ये तो सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरच्या ऊर्जेचं एकक) आहे. तेवढी किंवा त्याहून जास्त ऊर्जा असलेला प्रकाशकण शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन वर जातो आणि त्याच्या मागे एक रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. पण एवढ्याने वीज मिळत नाही. दोघांना वेगळ्या दिशांना न्यावं लागतं, नाहीतर ते पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. हे वेगळं करण्याचं काम पी (होल जास्त असलेल्या) आणि एन (इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या) प्रकारच्या सिलिकॉनमधला सांधा करतो. इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्याच्या तळाशी आणि होल खालच्या पट्ट्याच्या माथ्याशी स्थिरावतात, त्यामुळे व्होल्टेज बँडगॅपपेक्षा जास्त होऊच शकत नाही. विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की एका सांध्याच्या घटाची कार्यक्षमता उत्तमातल्या उत्तम पदार्थातही साधारण ३३ टक्क्यांपलीकडे जाणार नाही.

फेरोइलेक्ट्रिक स्फटिकात सांध्याची गरजच पडत नाही.

एका बाजूला सरकलेला अणू

फेरोइलेक्ट्रिक गुणधर्म जोसेफ व्हॅलासेक यांना १९२० मध्ये रोशेल सॉल्टमध्ये सापडला, पण समजून घ्यायला बेरियम टायटनेट जास्त सोपा. त्याच्या स्फटिकाचा एक घटक घनाकृती पेटीसारखा कल्पायचा: कोपऱ्यांवर बेरियम, प्रत्येक बाजूच्या मधोमध ऑक्सिजन, आणि पेटीच्या मध्यभागी टायटॅनियम. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर टायटॅनियम अगदी मधोमध असतो. तापमान खाली आलं की तो एका बाजूच्या ऑक्सिजनकडे किंचित सरकतो. हे सरकणं नॅनोमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासचं, पण त्याने स्फटिकाचं सगळं रूप पालटतं. धन आणि ऋण विद्युतभारांची केंद्रं एकमेकांपासून ढळतात आणि स्फटिकाला विद्युत ध्रुवीकरण येतं. बाहेरून पुरेसं विद्युतक्षेत्र लावलं तर टायटॅनियम विरुद्ध बाजूला सरकतो, ध्रुवीकरण उलटतं, आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही तसंच राहतं. यालाच फेरोइलेक्ट्रिक गुणधर्म म्हणतात.

मल्टिफेरोइक पदार्थांत याच्या जोडीला चुंबकीय शिस्तही असते, म्हणजे अणूंचे चुंबकीय कल एका ठरावीक रचनेत बसलेले असतात. बिस्मथ फेराइट हे त्यातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं उदाहरण. त्याची फेरोइलेक्ट्रिक अवस्था सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि चुंबकीय शिस्त सुमारे ३७० अंशांपर्यंत, म्हणजे नेहमीच्या तापमानाला दोन्ही शाबूत.

प्रकाशातून वीज मिळवण्यासाठी खरी महत्त्वाची गोष्ट एकच: स्फटिकाला सममितीचं केंद्र नसणं. केंद्र असलेल्या स्फटिकात डावीकडे जे दिसतं तेच उजवीकडेही दिसतं. त्यावर सगळीकडे सारखा प्रकाश पडला तर प्रवाहाने डावीकडे जायचं की उजवीकडे, हे ठरायला काही कारणच नसतं. केंद्र नसेल तर दोन दिशा एकसारख्या राहत नाहीत, आणि बाहेरून काहीही न लावता प्रवाह एका दिशेला वाहू शकतो. स्फटिकांचे एकूण ३२ सममिती-वर्ग आहेत. त्यांपैकी २० वर्गांत सरळ कंपनाच्या, म्हणजे एकाच रेषेत कंप पावणाऱ्या प्रकाशाने हा परिणाम दिसू शकतो, आणि दाब दिल्यावर वीज निर्माण करणारे पिझोइलेक्ट्रिक वर्गही नेमके हेच २०. हा योगायोग नव्हे. दोन्ही परिणामांवर सममितीची बंधनं एकसारखीच आहेत. याला पदार्थाच्या पोटातला, म्हणजे बल्क फोटोव्होल्टाइक परिणाम म्हणतात.

सर्वत्र दिसणारं, पण चुकीचं स्पष्टीकरण

अनेक लेखांत असं वाचायला मिळतं की ध्रुवीकरणामुळे स्फटिकाच्या आत विद्युतक्षेत्र असतं आणि तेच इलेक्ट्रॉन व होल यांना विरुद्ध दिशांना ढकलतं. ऐकायला पटतं, पण टिकत नाही. ध्रुवीकरणाने पृष्ठभागावर जो भार येतो, त्याला हवेतून आलेले किंवा इलेक्ट्रोडमधले भार बव्हंशी झाकून टाकतात. जाड स्फटिकात आतलं क्षेत्र त्यामुळे जवळपास उरतच नाही. अतिशय पातळ थरात हे झाकणं अपुरं राहतं आणि तिथे उरलेल्या क्षेत्राचा थोडा वाटा असू शकतो, एवढं मान्य करायला हवं. मात्र सर्वांत बिनतोड मुद्दा वेगळा आहे. गॅलियम आर्सेनाइडसारख्या पदार्थात सममितीचं केंद्र नाही, पण ध्रुवीकरणही नाही. आत क्षेत्र असायचं कारणच नाही. तरी त्याच्यावर प्रकाश टाकला की असा प्रवाह दिसतो.

मग ढकलतं कोण? कोणीच नाही. इलेक्ट्रॉन वर जाताजाताच जागा बदलतो.

ही कल्पना सुरुवातीला पचत नाही, म्हणून जरा थांबून पाहू. बेरियम टायटनेटमध्ये खालच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन मुख्यतः ऑक्सिजनभोवती असतात आणि वरच्या पट्ट्यातल्या जागा मुख्यतः टायटॅनियमभोवती. म्हणजे प्रकाशकण शोषून इलेक्ट्रॉन वर जातो तेव्हा ढोबळमानाने तो ऑक्सिजनकडून टायटॅनियमकडे जातो. टायटॅनियम मधोमध असता, तर डावीकडच्या ऑक्सिजनवरून आलेले आणि उजवीकडच्या ऑक्सिजनवरून आलेले इलेक्ट्रॉन एकमेकांची बरोबरी करून शून्य झाले असते. तो एका बाजूला सरकलेला असल्यामुळे ही वजाबाकी पूर्ण होत नाही. उरलेला फरक म्हणजे प्रत्येक शोषणामागे विद्युतभाराचं एक बारीकसं स्थलांतर, बहुधा अणूंमधल्या अंतराएवढं. प्रकाश सतत पडत राहिला की ही स्थलांतरं सतत होत राहतात, आणि त्यांची बेरीज म्हणजे प्रवाह. याचं नाव शिफ्ट करंट, म्हणजे सरक-प्रवाह. क्राउट आणि फॉन बाल्ट्झ यांनी १९७९ ते १९८१ या काळात त्याची क्वांटम सिद्धांतातली मांडणी केली. पुढे २०१२ मध्ये यंग आणि रॅपे यांनी बेरियम टायटनेट आणि लेड टायटनेटसाठी तो मूळ तत्त्वांपासून संगणकावर काढला. त्यातून असंही दिसलं की हा प्रवाह ध्रुवीकरणाच्या प्रमाणात असतोच असं नाही, आणि प्रकाशाचा रंग बदलला तर त्याची दिशादेखील उलटू शकते. आतल्या क्षेत्राने ढकलण्याची कल्पना इथेही तोकडी पडते.

याच्या सोबतीने आणखी एक यंत्रणा चालते. वर गेलेले इलेक्ट्रॉन ताजे, जास्त ऊर्जेचे असताना एका दिशेला अधिक संख्येने धावतात आणि काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाऊन शिथिल होतात. त्याला बॅलिस्टिक प्रवाह म्हणतात. सोव्हिएत संघातल्या बेलिनिचर, स्टुर्मान आणि फ्रिडकिन यांनी या बाजूवर पुष्कळ काम केलं. एखाद्या पदार्थात या दोन यंत्रणांपैकी कोणाचा वाटा किती, यावर आजही वाद आहेत.

हजारो व्होल्ट का, आणि तरी ताकद का नाही

आता व्होल्टेजकडे येऊ. एका टाकीत पंप ठरावीक वेगाने पाणी सोडतोय आणि टाकीच्या तळाला बारीक भोक आहे, असं समजा. पाण्याची पातळी चढत राहील, आणि भोकातून जाणारं पाणी पंपाच्या पाण्याएवढं झालं की थांबेल. पातळी किती चढेल हे पंपाइतकंच भोकावरही अवलंबून आहे. इथे पंप म्हणजे सरक-प्रवाह, पातळी म्हणजे व्होल्टेज, आणि भोक म्हणजे पदार्थाची स्वतःची विद्युतवाहकता. लिथियम नायोबेट उत्तम विद्युतरोधक आहे, म्हणजे भोक जवळजवळ बंद. म्हणून नगण्य प्रवाहसुद्धा भार साठवत साठवत प्रचंड व्होल्टेज उभं करतो. या हिशेबात बँडगॅप कुठेही येत नाही. इलेक्ट्रोडमधलं अंतर दुप्पट केलं की व्होल्टेजही दुप्पट होतं.

याचा एक त्रासदायक चेहरा लेसरवाल्यांना आधीच भेटला होता. १९६६ मध्ये बेल लॅब्समध्येच आर्थर ॲश्किन आणि सहकाऱ्यांना दिसलं की लेसरचा झोत लिथियम नायोबेटमधून गेला की त्या वाटेवर पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो आणि झोत विस्कटतो. त्याला तेव्हा प्रकाशाने होणारी हानी म्हटलं गेलं. नंतर उलगडलं की प्रकाशाने भार सरकतात, आत मोठं विद्युतक्षेत्र साठतं आणि तेच अपवर्तनांक बदलतं. यावरचा रूढ उपाय म्हणजे स्फटिकात सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम मिसळणं. त्याने प्रकाशात पदार्थाची वाहकता वाढते, म्हणजे भोक मोठं होतं, आणि क्षेत्र साठूच शकत नाही.

पण व्होल्टेज म्हणजे शक्ती नव्हे. शक्ती हवी तर व्होल्टेजला प्रवाहाने गुणावं लागतं, आणि प्रवाहाचा हिशेब निराशाजनक आहे. समजा, एका शोषणामागे भार एक नॅनोमीटर सरकला आणि इलेक्ट्रोडमधलं अंतर २०० मायक्रोमीटर आहे. मग बाहेरच्या तारेत प्रत्येक प्रकाशकणामागे एका इलेक्ट्रॉनचा फक्त दोन लाखावा हिस्सा वाहिला. सिलिकॉनच्या चांगल्या घटात जवळजवळ प्रत्येक शोषलेल्या प्रकाशकणामागे एक पूर्ण इलेक्ट्रॉन मिळतो. अंतर कमी करावं तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी होतं. शिवाय या घटांचा प्रवाह-व्होल्टेज आलेख सरळ रेषा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त व्होल्टेज आणि जास्तीत जास्त प्रवाह यांच्या गुणाकाराच्या २५ टक्केच शक्ती हाती लागते. सिलिकॉनच्या घटात हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं.

आणि वर बँडगॅपचं दुखणं आहेच. बेरियम टायटनेट, लिथियम नायोबेट यांचे बँडगॅप ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर आहेत. ते अतिनील प्रकाश शोषतात आणि दृश्य प्रकाश तसाच आरपार जाऊ देतात. सूर्याच्या ऊर्जेतला अतिनील वाटा जेमतेम काही टक्क्यांचा. बँडगॅपच्या वर व्होल्टेज गेलं म्हणजे शॉक्ली-क्वाइसर मर्यादा मोडली, असा अर्थ काढणारी शीर्षकं मला म्हणूनच खटकतात. मर्यादा कार्यक्षमतेवर आहे, आणि कार्यक्षमता ठरवताना प्रवाहाला सोडून चालत नाही.

बिस्मथ फेराइटची गोष्ट

मल्टिफेरोइक इथे कामी येतात ते एका वेगळ्याच कारणाने. नेहमीच्या फेरोइलेक्ट्रिक ऑक्साइडमध्ये टायटॅनियम किंवा नायोबियम यांचे डी-कक्षक, म्हणजे अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या जागांचा एक प्रकार, रिकामे असतात. अणू बाजूला सरकायला ते सोयीचं ठरतं, पण बँडगॅप मोठा राहतो. चुंबकत्वाला मात्र अर्धवट भरलेले डी-कक्षक लागतात. बिस्मथ फेराइटमध्ये कामाची वाटणी झालेली आहे: बिस्मथवरची इलेक्ट्रॉनांची एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली, जोडी स्फटिकाला एका बाजूला कलवते आणि ध्रुवीकरण देते, तर लोह चुंबकत्व देतं. लोहाच्या त्याच डी-कक्षकांमुळे बँडगॅपही सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरतो. म्हणजे निळा-जांभळा दृश्य प्रकाश तरी शोषला जातो. चुंबकत्व इथे थेट वीज काढत नाही. चुंबकत्व ज्या इलेक्ट्रॉनांमुळे येतं, तेच प्रकाश शोषायला मदत करतात.

२००३ मध्ये बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांत मोठं ध्रुवीकरण दाखवलं गेल्यावर या पदार्थाकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. २००९ मध्ये रटगर्स विद्यापीठात चाँग यांच्या गटाने एकाच स्फटिकात ध्रुवीकरण उलटवलं की प्रकाशाने मिळणारा प्रवाहही उलटतो, हे दाखवलं. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या गटाने २०० मायक्रोमीटर अंतरावर १६ व्होल्टपर्यंत व्होल्टेज मोजलं. त्यांचं स्पष्टीकरण असं: थरात वेगवेगळ्या दिशांच्या ध्रुवीकरणाचे पट्टे, म्हणजे डोमेन, असतात. त्यांच्यामधली भिंत फक्त १-२ नॅनोमीटर जाड. अशा प्रत्येक भिंतीवर व्होल्टेजची एक छोटी पायरी असते आणि शेकडो भिंतींच्या पायऱ्या एकापुढे एक जोडल्यासारख्या साचत जातात.

कल्पना सुंदर होती आणि बरीच पसरली. २०१३ मध्ये जर्मनीतल्या हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने ती तपासली. त्यांनी भिंतींची मांडणी बदलून आणि तापमान खाली नेऊन मोजमापं केली आणि दाखवलं की प्रवाहाचा उगम डोमेनच्या आत, म्हणजे पदार्थाच्या पोटातच आहे. भिंती वाहकता बदलतात, त्यामुळे व्होल्टेज कमीजास्त दिसतं. टाकीच्या भाषेत, भिंती पंप नव्हेत. त्या भोकाचा आकार ठरवतात. या विषयातला हा टप्पा मला सर्वांत शिकवणारा वाटतो. नुसतं व्होल्टेज मोजून उगम कळत नाही, कारण पंप आणि भोक दोन्ही त्यात मिसळलेले असतात.

बँडगॅप खाली आणण्याचे मार्ग

२०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि ड्रेक्सेल विद्यापीठांच्या गटाने पोटॅशियम नायोबेटमध्ये बेरियम आणि निकेल मिसळून नवा पदार्थ केला. मिश्रणाचं प्रमाण बदलून त्याचा बँडगॅप १.१ ते ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दरम्यान हवा तिथे नेता येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या गटाने बिस्मथ, लोह आणि क्रोमियम यांच्या मल्टिफेरोइक ऑक्साइडचे वेगवेगळ्या बँडगॅपचे थर एकावर एक रचून ८.१ टक्के कार्यक्षमता दाखवली. या प्रकारच्या ऑक्साइडसाठी हा आकडा फार मोठा आहे. मात्र अशा पातळ, थरांच्या रचनेत सांध्यांचा आणि इलेक्ट्रोडचाही हातभार असतो. सगळं श्रेय पोटातल्या परिणामाला देणं घाईचं होईल.

२०१६ मध्ये बेरियम टायटनेटवर अतिसूक्ष्म टोकाचा इलेक्ट्रोड टेकवून प्रवाह गोळा केला गेला. भार सरकतात त्या अंतराच्या तोडीला इलेक्ट्रोड आला की वरचा दोन लाखाव्या हिश्श्याचा हिशेब पालटतो, आणि त्या टोकाखालच्या चिमुकल्या क्षेत्रापुरती कार्यक्षमता त्या बँडगॅपसाठीच्या शॉक्ली-क्वाइसर मर्यादेच्या वर गेली. मोठ्या पृष्ठभागावर अशी कोट्यवधी टोकं उभी करणं हे निराळंच आव्हान आहे.

सममितीचं केंद्र नसलेला पदार्थ शोधण्याऐवजी ते केंद्र मोडताही येतं. वॉरिक विद्यापीठात २०१८ मध्ये टोकदार सुईने स्फटिकावर दाब देण्यात आला. दाब सुईजवळ जास्त आणि दूर कमी, त्यामुळे दोन दिशा एकसारख्या राहिल्या नाहीत, आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट, अगदी सिलिकॉनसुद्धा पोटातला प्रवाह देऊ लागला. २०२१ मध्ये हाले विद्यापीठात बेरियम टायटनेटचे अतिपातळ थर स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम टायटनेटच्या थरांमध्ये आलटून पालटून रचले, तेव्हा तेवढ्याच जाडीच्या शुद्ध बेरियम टायटनेटच्या तुलनेत प्रवाह सुमारे हजारपट वाढला.

छतावरच्या पॅनेलांशी या पदार्थांची स्पर्धा लावणं मला योग्य वाटत नाही. त्यांचं बळ दुसरीकडे आहे. फेरोइलेक्ट्रिक मेमरीत माहिती ध्रुवीकरणाच्या दिशेत साठवतात, पण ती वाचताना ध्रुवीकरण उलटवून पाहावं लागतं, म्हणजे वाचली की पुसली जाते आणि पुन्हा लिहावी लागते. २०१३ मध्ये बिस्मथ फेराइटच्या लहानशा मेमरीवर नुसता प्रकाश टाकून, व्होल्टेज धन की ऋण एवढं बघून माहिती वाचता आली. ध्रुवीकरणाला धक्काही लागला नाही. सांध्याशिवायचे प्रकाशसंवेदक, प्रकाशाच्या कंपनाची दिशा ओळखणारी साधनं, प्रकाशानेच आकुंचन-प्रसरण पावणारे स्फटिक, या दिशांना मला जास्त आशा वाटते.

नवा दावा वाचताना तो खरोखर पोटातल्या परिणामाचा आहे का, हे तपासायला चार प्रश्न पुरतात. इलेक्ट्रोडमधलं अंतर वाढवल्यावर व्होल्टेज त्याच प्रमाणात वाढतं का? प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवल्यावर प्रवाह ठरावीक लयीत कमीजास्त होतो का? ध्रुवीकरण उलटवल्यावर प्रवाह उलटतो का? आणि तापमान वाढवून फेरोइलेक्ट्रिक अवस्था मोडली तर काय होतं? बेरियम टायटनेट १२० अंशांच्या वर गेला की टायटॅनियम मधोमध येतो, सममिती परत येते आणि हा प्रवाह थांबायला हवा. तिथेही मीटरचा काटा हलत राहिला, तर ती वीज बहुधा इलेक्ट्रोड आणि स्फटिक यांच्यामधल्या सांध्यातून येते आहे.